पुरे म्हणेपर्यंत

"हात वर कर. अजून वर. अगं, बगल आहे का कोळशाची वखार? किती दिवसांनी उगवलीस?"

"दोन आठवडे झाले, याम्ना. घरात पाहुणे होते."

"ते बघ, निघाले पाहुणे!" असं म्हणत याम्नानं हातमोज्याखाली वळलेल्या मळाच्या काळ्या शेवया पाववाल्याच्या बायकोला दाखवल्या, आणि गरम खोलीतल्या सगळ्याजणी खिदळल्या. पाववाल्याची बायकोही हसली. याम्नाच्या बोलण्याचा कुणाला राग येत नसे. जिनं तुमच्या पाठीवरचा तीळ न् तीळ पाहिलाय, तिच्यावर रागावून जाणार कुठे?

एकतीस वर्षं ती ताझा गावच्या या हमामात बायकांची अंगं घासत होती. खरखरीत काळा हातमोजा, ऑलिव्हचा साबण, दोन बादल्या आणि एक नियम: घासून घेणारी 'पुरे' म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही. नवख्या पोरी लाजून दोन मिनिटांत 'पुरे' म्हणून मोकळ्या होत. बाळंतिणी डोळे मिटून पडून राहत आणि बराच वेळ म्हणतच नसत. काही बायकांच्या अंगाला जन्मात दुसऱ्या कुणाचा असा निवांत हात लागलेलाच नसतो, हे याम्नाला ठाऊक होतं. अशांना ती कधी घाई करत नसे.

तिची स्वतःची गत काही वेगळी नव्हती. नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कामाला म्हणून समुद्रापलीकडे गेला, तो गेलाच. तलाक नाही, मयतीची खबर नाही. पंचावन्नाव्या वर्षीही गल्लीत तिला मेमूनची बायको म्हणत, आणि मेमूनचं तोंड तिला आता धड आठवतही नव्हतं.

"याम्नाऽ!" बाहेरून कपडे सांभाळणाऱ्या हाज्जा तामोनं हाक दिली. "कुणीतरी आलंय तुझ्याकडे. अंगावरच्या कपड्यांनिशी!"

गरम खोलीतल्या सगळ्याजणींनी दाराकडे माना वळवल्या. आंघोळीला न येता हमामात येणारी बाई कशासाठी येते, ते तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

बाहेरच्या गार खोलीत एक जाडजूड बाई उभी होती. भारीतला पायघोळ जेलाबा, हातात संत्र्यांची पिशवी. तिनं आपलं नाव लल्ला बहिजा सांगितलं. फेस शहराच्या रस्त्यावर नवीन घर बांधलं होतं, मुलगा बेल्जियममध्ये गाड्या दुरुस्त करायचा, आणि त्याच्यासाठी तिला गल्लीतल्या रकियाची मुलगी विदाद आवडली होती.

"चहाला जाऊन आले. पोरगी ट्रे घेऊन आली, गेली. तेवढ्यात काय कळतं? कपड्यांत सगळ्याच हुरी. मागणीचा म्हणून साखरेचा सुळका देऊन आलेय, पण पक्कं बोलले नाही. म्हटलं, आधी याम्नाला विचारावं. याम्ना बोलली की झालं, असं सगळे म्हणतात."

"गुरुवारी येते ती," याम्ना म्हणाली. "नीट बघते, मग सांगते."

हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. सासवा व्हायला निघालेल्या बायका येत, संत्री नाहीतर खजूर ठेवत आणि विचारत: कुठे डाग आहे का, पाठीत वाक आहे का, कंबर कशी, श्वासाला वास येतो का? याम्ना असेल ते सांगायची, नसेल ते नाही सांगायची. ती खोटं बोलत नाही, ही तिची एकुलती एक मिळकत होती. आणि इथे झालेलं बोलणं इथेच राही. नको असेल तर मुलाकडचे 'नशीब जुळलं नाही' एवढंच म्हणून गप्प बसत. मुलीची अब्रू शाबूत राही.

फक्त हनियाचं तेवढं याम्नाच्या मनातून जात नव्हतं. बारा वर्षं झाली. हनियाच्या वेळी ती मुलाकडच्यांना म्हणाली होती, "सायीसारखी पोर आहे, डोळे मिटून न्या." शब्दाला शब्द खरा होता. त्यांनी नेली. वर्षभरानं माहेरपणाला आलेली हनिया इथेच, या फरशीवर, उताणी पडली होती, आणि तिच्या बरगड्यांवर हिरवे-जांभळे वळ होते. याम्नानं वळ चुकवून चुकवून हात फिरवला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. हनियाही बोलली नाही. तिनं 'पुरे'सुद्धा म्हटलं नाही. त्याच हिवाळ्यात ती सासरच्या विहिरीत सापडली. मुलाकडच्यांनी नुसतं अंग कसं आहे ते विचारलं होतं. ते अंग कुणाच्या हाती चाललंय, हे विचारायची रीत नव्हती, आणि याम्नाला ते सुचलंही नव्हतं. याम्नानं स्वतःला त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

गुरुवारी दुपारी विदाद आली. वीस वर्षांची, काटकुळी, बोलायला तिखट. जन्मल्यावर चाळिसाव्या दिवशी तिला हमामातली पहिली आंघोळ याम्नानंच घातली होती. आपलं पोटचं नसलेल्या माणसानं जेवढी माया करावी त्याहून थोडी जास्तच माया याम्ना तिच्यावर करायची, आणि ती लपवण्यासाठी तिला सारखी बोलायची.

"ये, हाडांची मोळी. घासायला काही आणलंयस का, का नुसती खडखडत आलीस?"

विदाद हसली नाही. जवळ सरकून हळूच म्हणाली, "खाला, ती बाई आली होती ना? संत्र्यांची?"

"आली होती. मुलगा वाईट नाही म्हणतात. दात चांगले आहेत."

"दातांशी लग्न करू?"

"मग दुसरं कुणी आहे का मनात?"

"कुणी नाही." विदाद चिडली. "माझी यिम्मा हेच विचारते, तुम्ही हेच विचारता. मनात कुणी असेल तरच बाईला नाही म्हणता येतं का? कुणीच नसलं तर नाही म्हणायचं नाही?"

 याम्नानं साबण चोळायला सुरुवात केली.

"फेसच्या नर्सिंगच्या शाळेत मला जागा मिळालीय," विदाद म्हणाली. "दोन ऑक्टोबरला हजर व्हायचं. बा म्हणतात, ही सोयरीक जमली तर शाळेचं नाव काढायचं नाही. फिसकटली तर जा. खाला, तिथे प्रत्येकीला वेगळी खोली देतात. प्रत्येकीची किल्ली वेगळी. तुमच्याकडे होती का कधी अशी किल्ली?"

याम्नानं खरंच विचार करून पाहिलं. तिच्या खोलीला आतून कडी होती. बाहेरून कुलूप लावावं असं तिच्याकडे काही कधी नव्हतंच.

"तुम्ही खोटं बोलत नाही, मला माहितीय," विदाद उठत म्हणाली. "तुम्हाला बोलावंही लागणार नाही. तुम्ही जे दिसेल तेच सांगा."

ती कोपऱ्यातल्या नळाकडे गेली. त्या नळाला भट्टीवरचं पाणी थेट यायचं, अर्धी बादली गार पाणी घेतल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. विदादनं गार पाणी घेतलं नाही. बादली भरली, वाफांमधून उचलली आणि डावा खांदा पुढे केला.

एवढ्या वर्षांत याम्ना त्या ओल्या फरशीवरून कधी धावली नव्हती. त्या दिवशी धावली. बादली तिनं अशी हिसकली की निम्मं पाणी तिच्या स्वतःच्याच पायांवर पडलं. बोटं लालभडक झाली.

"मेले! अक्कल आहे का? कातडी म्हणजे काय बाजारात मिळते?"

"सोडा मला. एक खांदा गेला तर गेला. बघतील आणि परत जातील."

"गप्प बस! तुझ्या कातडीला काही करायचं नाही, समजलं? मी सांगते त्या बाईला."

"काय सांगाल?"

"ते माझ्यावर सोड."

शुक्रवारचा दिवस आणि रात्र याम्नानं विचारात घालवली. डाग सांगावा तर डाग डोळ्यांना दिसतो, बहिजा दुसरी कुणी बाई पाठवून खात्री करून घेईल. पाठीतला वाक सांगावा तर पोरगी काठीसारखी सरळ. खोटं असं हवं की जे हमामातल्या बाईलाच माहीत असू शकेल आणि बाहेर कुणाला तपासता येणार नाही. अखेर तिला सापडलं, आणि आपण किती हुशार आहोत असं वाटून ती अंधारात एकटीच हसली. पायांची आग होत होती तरी हसली.

"फेफरं येतं तिला," शनिवारी ती लल्ला बहिजाला म्हणाली. "गरम खोलीत दोनदा पडलीय. माझ्या डोळ्यांदेखत. तोंडाला फेस आला होता."

बहिजाचा हात छातीवर गेला. "शपथ?"

"या पाण्याची शपथ."

"अल्लानंच वाचवलं गं बाई! तुझे उपकार कसे फेडू?" बहिजानं याम्नाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, संत्र्यांची दुसरी पिशवी तिच्या हाती कोंबली आणि ती निघाली.

रीतीप्रमाणे बहिजानं गप्प राहायला हवं होतं. पण दिलेला साखरेचा सुळका तिच्या मनात सलत होता. ती तडक रकियाच्या दाराशी गेली आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "माझी साखर परत दे! जिन्न लागलेली पोर माझ्या गळ्यात बांधत होतीस होय? हमामात फेस गाळत पडते आणि इथे ट्रे घेऊन मिरवते!"

याम्नाच्या शब्दांत फक्त आजार होता. रस्ता ओलांडेपर्यंत त्याचा जिन्न झाला. त्या गल्लीत फेफऱ्याला डॉक्टर नसतो, डोंगरावरची पिराची मजार असते, हे याम्नाला काय ठाऊक नव्हतं? जन्म तिथेच गेला होता तिचा. पण खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलतं तेव्हा असंच होतं. पुढची पायरी बघायची राहून जाते.

तिसऱ्या दिवशी तिला कळलं. रकिया आणि तिचा नवरा विदादला टॅक्सीत घालून डोंगरापलीकडच्या मजारीवर ठेवून आले होते. चाळीस दिवसांसाठी.

याम्ना होती तशी, ओल्या केसांनी, रकियाच्या घरी गेली. रकिया कणीक मळत होती. डोळे रडून सुजलेले.

"रकिया, मी खोटं बोलले. पोरीला काही नाही झालेलं. तिला शाळेत जाता यावं म्हणून मी बोलले."

रकियानं मान वर केली. "तू? खोटं?"

"हो, मी. अल्लाशपथ."

"शनिवारीही शपथच घेतली होतीस ना? पाण्याची?" रकिया हळू आवाजात म्हणाली. "एकतीस वर्षं तुझा शब्द कधी पडला नाही, याम्ना. माझी दया आली म्हणून आता हे बोलतेयस. मला कळतं. तू चांगली बाई आहेस."

"दया कसली, मूर्ख बाई! आण तिला परत!"

"आणि रात्री ती भिंतीशी बोलते ते? मी कान लावून ऐकलंय. अरबी नाही, आपली डोंगरातली बोली नाही, कुठलीच भाषा नाही. भराभरा बोलते, मध्येच थांबते, पुन्हा पहिल्यापासून."

"अगं, हाडांची नावं असतील ती! शाळेसाठी पाठ करत असेल."

"हाडांना नावं असतात होय?" रकिया म्हणाली, आणि ओढणीत तोंड लपवून रडू लागली. लेकीचं वाईट व्हावं म्हणून ती काही करत नव्हती. लेक बरी व्हावी म्हणून आपल्या हातातल्या दोन्ही बांगड्या ती मजारीवर देऊन आली होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पुढच्या सोमवारी याम्नानं काम बुडवलं आणि सहाजणांत दाटीवाटीनं बसून टॅक्सीनं डोंगरावर गेली. मजारीच्या अंगणात राखणदार अंजिराच्या झाडाखाली बसला होता.

"कोण तू तिची?"

"मी..." याम्ना अडखळली. "मी तिला घासते."

"म्हणजे?"

"हमामात."

राखणदाराला हसू आलं. "नात्यातल्या माणसालाच आत सोडतात, खाला. जा घरी."

ती जाईना. भिंतीच्या सावलीत बसून राहिली. दुपारी आतल्या खोल्यांमधून एक आवाज यायला लागला. घसा बसलेला, पण विदादचाच. भराभरा, एकामागून एक, ती नावं म्हणत होती. मध्येच अडली की पुन्हा पहिल्यापासून. अंगणातल्या बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. "ऐका, ऐका," एक म्हणाली, "कसा बोलतोय तिच्या तोंडून!" कुणीतरी आत गेलं. आवाज बंद झाला.

त्यानंतर याम्नानं हमामातच तोंड उघडलं. गुरुवारी, गरम खोली भरलेली असताना, मधोमध उभी राहून ती म्हणाली, "बायांनो, ऐका. रकियाच्या विदादला काहीसुद्धा झालेलं नाही. मी खोटी शपथ घेतली."

कुणाच्या हातातलं तांब्याचं भांडं फरशीवर पडलं.  मग पाववाल्याची बायको म्हणाली, "आणि माझ्या सुनेबद्दल जे सांगितलंस, ते?"

"ते खरं होतं."

"आता काय कळणार आम्हाला?"

बाहेर आल्यावर तामोनं तिला फैलावर घेतलं. "वेड लागलंय का तुला? सासवा तुझ्या शब्दासाठी अख्ख्या गावातून इथे यायच्या. गेलं ते! काय मिळालं तुला?"

काही मिळालं नाही. पोर परत आली नाही. जिन्न याम्नालाही लागलाय असं काहीजणी म्हणू लागल्या, काहीजणी म्हणाल्या, मुलीकडच्यांकडून काहीतरी उकळलं असणार. घासून घ्यायला बोलावणाऱ्या कमी झाल्या, मग अगदीच कमी. दोन ऑक्टोबर आला आणि गेला. त्या दिवशी याम्ना सकाळी बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. का, ते तिलाच सांगता आलं नसतं. फेसची बस भरली, निघाली, ती घरी आली.

ऑक्टोबरच्या शेवटी, एका गुरुवारी, रकिया विदादला घेऊन हमामात आली. चाळीस दिवस पुरे झाले होते, आता आंघोळ करून शुद्ध व्हायचं होतं. रकिया तिला दारापर्यंत सोडून तामोपाशीच बसली. आत यायचा तिला धीर झाला नाही.

विदाद गरम खोलीत येऊन भिंतीशी बसली. तशी शेजारच्या बाईनं आपली बादली उचलली आणि पलीकडे सरकली. मग दुसरीनं. कुणी वाईट बोललं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. फक्त बादल्या सरकत गेल्या, आणि बघता बघता तिच्याभोवती चांगली चारपाच हात फरशी रिकामी झाली.

याम्ना त्या रिकाम्या जागेत गेली आणि तिच्यासमोर बसली. हातमोजा चढवला, साबण लावला. आधी पाय घासले, मग पोटऱ्या. पोर होती त्याच्या निम्मी झाली होती. हात घ्यायला गेली तेव्हा दोन्ही मनगटांभोवती दोराचे काळपट वळ दिसले. याम्नानं हातमोजा काढून ठेवला आणि तेवढा भाग नुसत्या तळव्यानं धुतला.

काहीतरी बोलायला हवं होतं. ती मनगटाच्या वरच्या हाडावर बोट टेकवून म्हणाली, "याचं नाव काय गं?"

विदादनं त्या हाडाकडे बघितलं.  "विसरले," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज..."

"बा आता घराबाहेर पाठवत नाहीत. रस्त्यात पडले तर काय, म्हणतात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर याम्नाला सोपं गेलं असतं. "भाजलेलं आतापर्यंत बरं झालं असतं, खाला."

याम्नाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. माफी मागावी असं तिला वाटलं, पण तेवढ्यानं काय होणार होतं? तिनं पोरीच्या खांद्यावर पाणी ओतलं. डाव्या खांद्यावर. कातडी नितळ होती, एक डाग नव्हता.

"पुरे," विदाद म्हणाली.

याम्नाचा हात थांबला. ती उठायला लागली तर विदादनं फरशीवरचा हातमोजा उचलून स्वतःच्या हातात चढवला.

"वळा."

"अगं, माझं राहू दे. मी..."

"वळा, खाला."

एकतीस वर्षांत याम्नाची पाठ कुणी घासली नव्हती. घासणारीला कोण घासतं? घरी जाताना ती स्वतःच हात जाईल तिथवर पाणी घ्यायची. ती वळली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसली.

विदादनं सुरुवात मानेपासून केली. मग खांदे, मग पाठ, वरून खाली, वरून खाली, याम्ना घासायची अगदी तशीच. हळूहळू जोर वाढला. श्वास चढला होता, मागून एक हुंदका आला न आला, आणि जोर आणखी वाढला. पाठ पेटल्यासारखी झाली. कातडी सोलून निघणार असं वाटायला लागलं. रिकाम्या फरशीपलीकडून सगळ्या बायका बघत होत्या. पाववाल्याची बायको न राहवून म्हणाली, "अगं याम्ना, रक्त येतंय. पुरे म्हण."

याम्नानं डोळे मिटून घेतले. पुढे वाकली, पोरीचा हात कंबरेपर्यंत नीट पोहोचावा म्हणून पाठ आणखी सैल सोडली, आणि काही म्हणाली नाही.